वर कधी जायचे आहे?

इंटर्नशिपच्या वर्षात मी रुग्णांना सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न "दुखते कुठे?" हा नव्हता. तो प्रश्न होता, "दात ठेवायचा आहे की काढायचा?" आमच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागत असे आणि त्या रांगेतली बहुतेक माणसे आसपासच्या तालुक्यांतून एसटीने आलेली असत. कीड नसेपर्यंत पोहोचली आहे, पण मुळे भक्कम आहेत, भोवतीचे हाड चांगले आहे, रूट कॅनल केले तर ही दाढ अजून कितीतरी वर्षे काम देईल, हे मला एक्स-रेवर स्पष्ट दिसत असे. शासकीय रुग्णालयात त्या उपचाराचे शुल्क फार नसते. परंतु तीन-चार खेपा घालाव्या लागतात, प्रत्येक खेपेला गाडीभाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते, आणि शेवटी दाढेवर बसवायच्या कॅपचा खर्च वेगळाच. पस्तिशीच्या आतबाहेरची एक शेतमजूर बाई माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली होती, "काढूनच टाका, डॉक्टर. परत यायला जमायचं नाही." मी ती दाढ काढली. तिन्ही-चारही कोपरे शाबूत असलेली, दोन्ही मुळांसह अखंड निघालेली ती दाढ ट्रेमध्ये ठेवताना माझ्या शिक्षकांनी माझ्या हाताचे कौतुक केले, आणि ते कौतुक मला घेता आले नाही.

पदवी मिळाल्यानंतर काही महिने मी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात संध्याकाळचे काम केले. तिथले डॉक्टर सज्जन होते, हाताने निष्णात होते आणि रुग्णांशी प्रामाणिक होते. तरीही रुग्ण खुर्चीत बसला की आम्हां दोघांनाही आधी त्याच्या खिशाचा अंदाज घ्यावा लागे आणि मग उपचार ठरवावा लागे. यात कोणाचा दोष नव्हता. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, जागेचे भाडे आणि या सगळ्यासाठी काढलेले कर्ज यांचा हिशोब कुठून तरी जुळवावाच लागतो. स्वतःचा दवाखाना काढायचा तर मलाही त्याच हिशोबात शिरावे लागणार होते, आणि खासगी महाविद्यालयातल्या एमडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाचे, शुल्क आमच्या घराच्या आवाक्यापलीकडचे होते. आर्मी डेंटल कोअरची, म्हणजे लष्कराच्या दंतवैद्यकीय दलाची, जाहिरात मी पाहिली ती या काळात.

माझे गाव सातारा जिल्ह्यात आहे, आणि सातारा जिल्ह्यात फौजेत जाण्यासाठी कोणाची समजूत काढावी लागत नाही. जवळच अपशिंगे आहे, ज्याच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. मी त्यांना बातमी सांगितली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. "फौजेत जाऊन दात काढणार व्हय?" असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. मी काय काय सांगितले ते आता आठवत नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणीच ऐकलेली नव्हती. डोंगरावरच्या एका चौकीवर असताना त्यांची खालची दाढ सुजली होती. नऊ दिवस ठणका होता, लवंग संपली, गाल सुजून डोळ्याला लागला आणि दहाव्या दिवशी खेचरांच्या तांड्याबरोबर त्यांना खाली पाठवले. ते म्हणाले, "गोळी लागलेल्याला समदे उचलून आणत्यात. दाढ दुखणाऱ्याला कोण आणणार? ज्याची दाढ दुखती त्याला पहाऱ्यावर उभं राहावंच लागतं." मग बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "जा."

भरतीची वाट कशी असते हे विचारणारी कितीतरी मुले मला भेटतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या अंतिम वर्षाला किमान ५५ टक्के गुण, एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण आणि दंत परिषदेची नोंदणी हातात असावी लागते. नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीची यादी लागते, दिल्ली छावणीत मुलाखत होते आणि नंतर वैद्यकीय तपासणी. निवड झाली की थेट कॅप्टनच्या हुद्द्यावर अल्पसेवा कमिशन मिळते. ते आधी ५ वर्षांचे असते आणि पुढे ९ वर्षांपर्यंत वाढून एकूण १४ वर्षांचे होऊ शकते. मधल्या काळात खात्यांतर्गत परीक्षेतून कायम कमिशनची संधीही मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन असते. कर्जाशिवाय कामाला सुरुवात करता येणे ही माझ्यासारख्या मुलासाठी लहान गोष्ट नव्हती, आणि ती मी मुलाखतीतही लपवली नाही.

मुलाखतीतला एक प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला. मंडळातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी विचारले, "समजा, जबड्याला गोळी लागलेला जवान तुमच्यासमोर आणला आहे. आजूबाजूला शल्यचिकित्सक नाही. तुम्ही त्याला कसे झोपवाल?" मी पुस्तकातले उत्तर सुरू केले: रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग तपासणे. त्यांनी हाताने थांबवले आणि म्हणाले, "मी विचारले, कसे झोपवाल?" तेव्हा माझ्या लक्षात आले. खालचा जबडा पुढच्या भागात दोन्ही बाजूंना तुटला की जिभेला पुढून धरून ठेवणारा आधार जातो, आणि माणूस उताणा झोपवला तर त्याचीच जीभ मागे पडून त्याचा श्वास बंद होतो. "मी त्याला उताणा झोपवणार नाही," मी म्हणालो. "शुद्धीवर असेल तर पुढे वाकवून बसवेन, नसेल तर कुशीवर वळवेन." त्यांनी मान हलवली. चार वर्षे मी जबड्याची शरीररचना पाठ केली होती. ती एखाद्याला मरू न देण्याच्या कामी येते, हे माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा ठळकपणे उमटले.

लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात आमचे प्राथमिक प्रशिक्षण झाले. तिथे डॉक्टर आणि दंतवैद्य एकत्रच शिकतात: पहाटेची पीटी, कवायत, शस्त्रांचा परिचय, नकाशावाचन, लष्करी कायदा, कार्यालयीन पत्रलेखनाची पद्धत. माझे पाय पहिले काही आठवडे कवायतीच्या मैदानावर एकमेकांचे ऐकत नव्हते आणि आम्हांला शिकवणारे हवालदार उस्ताद अतिशय आदराने, "साहब" म्हणत, आमच्या चुका दाखवत. दंतवैद्याला नकाशा कशाला वाचता यायला हवा, असे तेव्हा वाटले होते. फील्ड हॉस्पिटलमध्ये गेल्यावर ते कळले, कारण तिथे दंतवैद्य हा केवळ दंतवैद्य नसतो. जखमींचा लोंढा आला की त्यांची वर्गवारी करणे, शिरेतून सलाइन लावणे, भूल देणाऱ्याला मदत करणे हीही त्याचीच कामे होतात.

सैन्य आणि दात यांचा संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांवरून पडली ती दाताने तोडून बंदुकीत भरायची होती, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या काळी पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नसतील तर शिपायाला बंदूक भरणेच अवघड जाई, याकडे आपले लक्ष जात नाही. पुढे काडतुसे बदलली आणि दातांचे महत्त्व सेनापतींच्या विस्मरणात गेले. १९१४ साली फ्रान्समध्ये एन नदीकाठच्या लढाईच्या काळात ब्रिटिश सेनेचे एक सेनापती डग्लस हेग यांना भयंकर दातदुखी झाली, तेव्हा त्यांच्या सैन्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. पॅरिसहून बोलवावा लागला. त्यानंतर सैन्यात दंतवैद्य नेमले जाऊ लागले आणि १९२१ साली ब्रिटनचे स्वतंत्र दंत दल उभे राहिले. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ४ फेब्रुवारी १९४१ रोजी आर्मी डेंटल कोअरची स्थापना झाली आणि तो दिवस आम्ही कोअरचा स्थापना दिवस म्हणून पाळतो. मला यात एक गोष्ट खटकत राहते. सेनापतीची दाढ दुखेपर्यंत हजारो साध्या शिपायांच्या दाढा दुखतच होत्या. माझ्या आजोबांच्या भाषेत सांगायचे तर, ते पहाऱ्यावर उभे होते.

माझी पहिली नेमणूक मैदानी भागातल्या एका मोठ्या छावणीत, लष्करी दंत केंद्रात झाली. पहिल्याच आठवड्यात नाईक हुद्द्याचा एक जवान खुर्चीत बसला. खालची डावी पहिली दाढ, आमच्या आकड्यांच्या भाषेत ३६, अगदी त्या शेतमजूर बाईच्या दाढेसारखी किडलेली होती. सवयीने माझ्या तोंडून निघाले, "ठेवायची आहे की काढायची?" त्याने माझ्याकडे गोंधळून पाहिले आणि म्हणाला, "साहब, वो तो आप बताएँगे." माझ्या शेजारी उभा असलेला डोरा, म्हणजे डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट, वीस वर्षांच्या नोकरीतला अनुभवी माणूस, न बोलता रूट कॅनलच्या फाइल्सचा डबा पुढे सरकवून बाजूला झाला. त्या क्षणी माझी इतकी तारांबळ उडाली की मी एक्स-रे दुसऱ्यांदा पाहण्याचे निमित्त केले. पाच वर्षांच्या शिक्षणात मला प्रथमच कोणी तरी निव्वळ दाताबद्दल विचारत होते. या दाताला काय हवे आहे, एवढाच प्रश्न होता. भरण करायचे की रूट कॅनल, त्यावर कॅप बसवायची की नाही, हिरडीची शस्त्रक्रिया लागेल का, हे सगळे मी ठरवायचे होते, आणि त्या नाईकाला त्यासाठी एक रुपयाही मोजायचा नव्हता. त्याच्या पत्नीला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही हाच हक्क होता. त्या पहिल्या महिन्यात मी इतके दात वाचवले की हाताची बोटे संध्याकाळी आखडून जात, आणि तरीही मी समाधानाने झोपत असे.

मात्र पैशाचा प्रश्न गेला म्हणून अडचण संपली असे नव्हते. त्याच्या जागी दुसरा प्रश्न येऊन बसला होता, आणि तो माझ्या वरिष्ठांनी मला शिकवला. त्या वरिष्ठ प्रत्येक रुग्णाला सर्वांत आधी एकच गोष्ट विचारत: "वर कधी जायचे आहे?" वर म्हणजे डोंगरात, चौकीवर, जिथून खाली यायला हवामान, रस्ता आणि हेलिकॉप्टर या तिन्हींची कृपा लागते. ज्या दाताने येत्या काही महिन्यांत ठणका सुरू करण्याची शक्यता आहे, तो आजच हाताळायचा. ज्याला वेळ आहे, तो मागे ठेवायचा. दवाखान्यात आपण दुखणाऱ्या दातापासून सुरुवात करतो. इथे मला न दुखणाऱ्या दाताचा आधी विचार करायला शिकावे लागले: अर्धवट उगवलेली, आज शांत असलेली अक्कलदाढ, जुन्या भरणाच्या कडेला दिसणारी काळी रेघ, मुळाच्या टोकाशी एक्स-रेवर उमटलेला मसुराएवढा डाग.

याच छावणीत मी भरतीच्या वैद्यकीय तपासण्यांनाही बसलो आणि तिथे दातांचे गुण मोजायला शिकलो. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांना प्रत्येकी १ गुण, पहिल्या व दुसऱ्या दाढेला आणि पूर्ण वाढलेल्या अक्कलदाढेला २ गुण. सगळे ३२ दात असतील आणि अक्कलदाढा चांगल्या वाढलेल्या असतील तर एकूण २२ आणि नसतील तर २०. उमेदवाराकडे किमान १४ गुण लागतात. या मोजणीतली मला भावलेली गोष्ट अशी की गुण एकट्या दाताला मिळतच नाही. वरचा दात कितीही भक्कम असो, त्याच्यासमोर खालचा दात नसेल तर त्याचा हिशोबात उपयोग नाही, कारण चावणे दोघांनी मिळूनच होते. सुटीवर आल्यावर मी ओसरीवर बसून आजोबांच्या तोंडात टॉर्च मारला. नऊ दात शिल्लक होते, पण समोरासमोर येणाऱ्या जोड्या दोनच होत्या, एक पुढच्या दातांची आणि एक उपदाढांची. "नऊ दात आणि दोन गुण," मी म्हणालो. "म्हंजे आता भरतीला घेणार न्हाईत," ते म्हणाले, आणि त्यांनी भाकरी दुधात कुस्करायला घेतली.

भरतीच्या रांगेतली मुले मला आजही दिसतात. गावाकडची, चार-चार वर्षे धावण्याचा सराव केलेली, छाती-उंचीत पुरेपूर उतरलेली मुले. त्यांच्यापैकी काहींचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसे. गालाच्या आत गुटख्याने पांढरे, कडक पट्टे तयार झालेले असत. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचेखाली तंतुमय ऊती साठत जाते आणि एकदा जबडा असा आखडला की तो पूर्ववत होत नाही. शिवाय त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका कायम राहतो. माझ्या घरात आजी मशेरी लावत असे, त्यामुळे तंबाखूबद्दल कोणाला रागावून बोलण्याचा अधिकार मी स्वतःकडे कधी घेतला नाही. जवानांशीही मी तसाच बोलतो. रात्रीच्या पहाऱ्यावर झोप दूर ठेवण्यासाठी तोंडात खैनी असते, थर्मासमधला गोड चहा असतो, खिशात शक्करपारे असतात. त्या रात्रीचा विचार न करता त्याला फक्त "सोडून दे" म्हणणे मला जमत नाही. मी त्याला आरसा दाखवतो, गालातला पांढरा डाग त्याच्याच बोटाने चाचपायला लावतो आणि दर तीन महिन्यांनी बोलावतो.

दुसऱ्या वर्षी मी लडाखमध्ये गेलो. ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरल्यावर सहा दिवस फक्त शरीराला विरळ हवेची सवय करून घ्यायची असते. बारा हजार फुटांच्या पुढच्या टप्प्यावर आणखी चार दिवस आणि पंधरा हजारांच्या पुढे आणखी चार. दंतवैद्याला या उंचीवर आपलेच साहित्य अनोळखी होते. सिमेंट लवकर बसत नाही, दातांचे माप घ्यायचे मटेरियल घट्ट व्हायला वेळ घेते, भुलेचे इंजेक्शन हाताच्या मुठीत धरून कोमट केल्याशिवाय टोचले तर रुग्ण कळवळतो. रुग्णांची तोंडेही वेगळीच. वरच्या चौक्यांवर टूथपेस्ट गोठते, पाणी बर्फ वितळवून मिळते म्हणून चूळ भरायलाही जपून वापरतात, धाप लागून माणूस तोंडाने श्वास घेतो आणि कोरड्या, थंड हवेने लाळ आटते. लाळ हे दातांचे पहिले चिलखत असते हे पुस्तकात वाचलेले वाक्य तिथे मला तोंडातोंडात दिसले. त्यात हवेच्या दाबाची भर. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे सैल भरणाखाली किंवा अर्धवट राहिलेल्या रूट कॅनलमध्ये अडकलेली हवा प्रसरण पावून नसेवर दाब देऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमध्ये हे दुखणे ठळकपणे लक्षात आले होते. हेलिकॉप्टरने झटकन वर जाणाऱ्या जवानाच्या बाबतीत मला त्याचा विचार करावा लागे.

तिथे एका संध्याकाळी सांगलीकडचा एक शिपाई आला. माझ्या नावाच्या पट्टीवरून त्याने ओळखले आणि थेट मराठीत म्हणाला, "साहेब, परवा वर जायचंय. ही काढून टाका." तीच दाढ, ३६. नस जिवंत होती पण सुजलेली. रूट कॅनल एरवी मी दोन-तीन बैठकांत केले असते आणि माझ्या हातात एकच दिवस होता. त्याला अपात्र लिहून खाली ठेवता आले असते, पण मग त्याच्या जागी दुसऱ्याला जावे लागले असते, कोणाची तरी मंजूर सुटी हुकली असती, आणि तो स्वतः ते मान्य करायला तयार नव्हता. काढून टाकणे सर्वांत सोपे आणि सुरक्षित होते. मी फोर्सेप्स हातात घेतला होता. मग तो खाली ठेवून तिथल्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "नस जिवंत आहे ना? पू नाही ना? मग एकाच बैठकीत पूर्ण कर. रात्र तुझीच आहे." साडेचारला सुरुवात केली. मधे जनरेटर दोनदा बंद पडला आणि डोराने टॉर्च धरून ठेवला. दाढेच्या मुळांतले चार कालवे सापडले, साफ झाले, भरले गेले, वर पक्के भरण बसले आणि मी हातमोजे काढले तेव्हा नऊ वाजून गेले होते. "झालं का, साहेब?" त्याने विचारले. त्याच्या अर्ध्या ओठाला अजून भूल होती आणि तो बोलताना लाळ पुसत होता.

असे सगळ्यांचे जमले नाही. त्याच मोसमात मी वाचू शकणाऱ्या तीन दाढा केवळ तारखेमुळे काढल्या आणि त्या तिन्ही मला आकड्यांसह लक्षात आहेत. त्या जवानांनी तक्रार केली नाही, उलट आभार मानले. महाविद्यालयातल्या त्या बाईनेही आभारच मानले होते. त्यामुळे लष्करात आलो आणि दातांना न्याय मिळाला, असे मी कोणाला सांगत नाही. निर्णय माझ्या हातात आला, आणि चुकला तर तो माझाच असतो, एवढे मात्र खरे.

दातांचा तक्ता भरण्याबाबत मी सुरुवातीला घाई करत असे. रुग्णांची रांग असते, कुठल्या दाताला कोणते भरण आहे हे तपशिलात लिहायला वेळ लागतो. एकदा माझा अर्धवट भरलेला तक्ता वरिष्ठांनी माझ्यासमोर ठेवला आणि दार लावून घेतले. त्यांनी आवाज चढवला नाही. दाताचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण भाग, आगीत, बर्फात, पाण्यात सगळे ओळखू न येण्याजोगे झाले तरी तो टिकतो, हे ते बोलले आणि पुढे एवढेच म्हणाले, "हा कागद कधी तरी एखाद्या आईला खात्री देण्यासाठी लागेल. तेव्हा तू तिथे नसशील. तुझे अक्षर असेल." त्या रात्री मी दंत केंद्रात परत गेलो आणि त्या आठवड्यातले सगळे तक्ते पुन्हा काढून ज्यांची तपासणी शक्य होती त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावण्याची यादी केली. सांगलीच्या त्या शिपायाचा तक्ता मी तेव्हापासूनच्या सवयीने भरला होता: ३६, रूट कॅनल, चार कालवे, भरण, तारीख. लिहिताना माझा हात किंचित थबकतो, आजही थबकतो.

माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांहून जास्त होती, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणी माझ्याहून हुशार होत्या. मी कमिशन घेतल्यानंतर काही वर्षांनी, २०२२ च्या भरतीत ३० जागांपैकी २७ पुरुषांसाठी आणि फक्त ३ महिलांसाठी ठेवल्या गेल्या, तेव्हा महिला उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०२३ मध्ये न्यायालयाने या वाटणीवर नापसंती नोंदवून, हे घड्याळाचे काटे उलटे फिरवणे आहे, असे सुनावले. त्या बातमीने मला मनापासून बरे वाटले. खुर्चीत बसलेल्या जवानाला आपल्या तोंडात कोणाचा हात आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. हात हलका असावा आणि काम पक्के असावे, एवढीच त्याची मागणी असते. ज्यांच्याकडून मी हलक्या हाताने भूल द्यायला शिकलो, त्या माझ्या वरिष्ठ एक मेजर होत्या.

गेल्या पावसाळ्यात आजोबांचे उरलेले नऊ दातही हलू लागले. मी दूर होतो आणि मला सुटी मिळण्यासारखी नव्हती. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, त्यांना पुण्याच्या लष्करी दंत केंद्रात पाठवले गेले. दात काढले, हिरड्या भरून येण्यासाठी वाट पाहिली, मापे घेतली, मेणाचे दात लावून पाहिले, आणि वडिलांनी त्यांना चार-पाच वेळा एसटीने नेले-आणले. कवळी बसली त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. त्यांचा 'स' शिट्टीसारखा वाजत होता आणि 'फौज' म्हणताना ते अडखळत होते, जसे पहिल्या दिवसांत सगळेच अडखळतात.

"एक मद्रासकडची मॅडम होती," ते सांगत होते. "कॅप्टन. तुझ्याच वयाची. तिला मराठी येत न्हाई, मी आपलं फौजी हिंदी बोललो. बसल्या-बसल्या तिनं इचारलं, रेजिमेंट कुठली. सांगितलं."

"दुखत नाही ना कुठे?" मी विचारले.

"वरची पक्की बसलीय. खालची जरा हलती."

खालची कवळी हलतेच. खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा लवकर झिजते, तिला टाळूसारखा आधार नसतो, आणि जीभ तिला दिवसभर ढकलत राहते. मी त्यांना सांगितले की पहिले काही दिवस मऊ भात खावा, घास लहान घ्यावा आणि एकाच बाजूने न चावता दोन्ही बाजूंनी सारखा चावावा. हिरडीवर टोचते म्हणून कवळी काढून ठेवली असली, तरी तपासणीच्या आदल्या दिवसापासून ती मुद्दाम घालावी आणि घालूनच जावे, म्हणजे टोचणारी जागा मॅडमना दिसेल.

"बुधवारची तारीख दिलीय तिनं," आजोबा म्हणाले. "मी घालूनच जाईन."